दहा सरळ, दहा उलट

४ मार्च, सोमवार

खोटं! साफ खोटं लिहून दिलंय त्या क्रेनवाल्याने.

"खाली सोडण्याची खूण मिळाली म्हणून भारा खाली सोडला." एवढंच वाक्य, खाली सही. चौकशी समितीच्या कारकुनाने कागद माझ्यापुढे सरकवला, वाचून होईपर्यंत पेनाने टेबलावर टकटक करत बसला आणि मग पोच मागितली. जणू मी टपाल घ्यायला गेलोय.

तेरा वर्षं माझी बायको त्या यार्डात क्रेनला खुणा करत होती. वर केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याला खालचं काही ऐकू जात नाही. तो तिचा हात बघतो आणि ओझं उचलतो, थांबवतो, उतरवतो. तेरा वर्षांत तिची एक खूण चुकली नाही. आणि त्या मंगळवारी तिने पाइपांचा भारा स्वतःच्याच अंगावर उतरवून घेतला?

मूठ आवळून हात धरला की थांब. घरातसुद्धा तेच. मी चहा ओतत असलो की तोंडाने पुरे म्हणायची नाही, मूठ धरायची. मुलगी लहानपणी हट्ट करायला लागली की मूठ. ती बाई थांब म्हणायला विसरली म्हणतात!

मेलेल्या माणसाच्या हातावर ढकललं की झालं. हात काही उठून सांगायला येत नाही.

५ मार्च, मंगळवार

यार्डातून पिशवी आली. हेल्मेट, जेवणाचा डबा (धुतलेला — कोणी धुतला?), हातमोजे, घड्याळ. पिशवीला चिठ्ठी अडकवलेली आणि तिच्यावर तिचं नाव चुकीचं. तेरा वर्षं!

घड्याळ चालू आहे. काचेला चरासुद्धा नाही. नऊ वाजता वाजलं — टीं टीं टीं. मग दहाला. मग अकराला. नऊ ते पाच, दर तासाला. गजर मीच लावून दिलेला, खांद्याचा व्यायाम विसरते म्हणून. बंद कसा करायचा ते मला माहीत आहे. केला नाही. ड्रॉवरमध्ये अस्तराच्या तुकड्यांखाली घालून ठेवलं. तिथूनही ऐकू येतं.

६ मार्च, बुधवार

शेजारीण म्हणाली, "निदान त्रास तरी झाला नाही हो." हिला कोणी सांगितलं?

८ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट इथे तरी खरी लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

तिचा उजवा खांदा आखडला होता. नोव्हेंबरपासून. आधी केस विंचरताना हात मागे जाईना. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली आणि ओरडली. डिसेंबरपासून तिची वेणी मी घालत होतो. चाळीस थर कापड एका फटक्यात सरळ कापतो मी, पण वेणी तिरकीच व्हायची. ती आरशात बघून म्हणायची, "कटिंग मास्तरांचं कटिंग चांगलं, जोडणी वाईट."

जानेवारीत हात बाजूने खांद्याइतकासुद्धा उचलला जाईना. उचलायला गेली की मान वाकडी व्हायची, खांदा कानाला जाऊन भिडायचा, कमरेतून कलायची आणि हात तिथेच. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, चुकीचा कापला की असंच होतं — हात उचलावा तर अख्खा सदरा वर येतो, हात मोकळा होत नाही. मी तिच्या दोन्ही गणवेशांच्या बाह्या उसवल्या, काखेत जादा तिकोनी तुकडा घातला. एवढंच माझ्या हातात होतं.

फिजिओथेरपीवाल्या बाईकडे प्लॅस्टिकचा हात होता, स्नायू लाल रंगवलेले. तिने उलगडून दाखवलं. खांद्याच्या वाटीभोवती चार लहान स्नायू, ते हाताच्या हाडाचं डोकं वाटीत धरून ठेवतात. वरचा मोठा तिकोनी स्नायू हात उचलतो. आणि मान ते खांदा असा पसरलेला एक, तो मदतीला येतो आणि दुखून बसतो. सगळ्यांवर एक आवरण, आणि हिचं ते आवरणच आखडलेलं. ही म्हणाली, "म्हणजे आमचं यार्डच की. खाली ओझं बांधणारे चार खलाशी, वर क्रेन, आणि यांना अडवून धरणारं ऑफिस." बाई इतकी हसली की प्लॅस्टिकचा हात टेबलावरून पडला.

व्यायाम दिला होता. लंबकाचा. ओट्याला डावा हात टेकवून कमरेतून वाकायचं, उजवा हात अगदी सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने त्याला गोल फिरू द्यायचं. आपण फिरवायचा नाही, फिरू द्यायचा. दहा सरळ, दहा उलट. दर तासाला. घरी मी मोजायचो. कामावर करत नसे. चार पुरुषांसमोर वाकून हात हलवत बसू का, म्हणायची. हसतील.

यार्डात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गेटवर बसवलं असतं, गाड्यांचे नंबर लिहायला. "गेटवर बसून म्हातारी होऊ?" सहा-आठ महिन्यांत सुटेल म्हणाली होती फिजिओ. तेवढे दिवस काढायचे. उचलायच्या आणि थांबवायच्या खुणा डाव्या हाताने करायला लागली. उजवा फक्त खाली सोडायच्या खुणेला.

हे कोणाला माहीत होतं? मला. फिजिओला. आणि बगळ्याला.

बगळा म्हणजे तो क्रेनवाला. नाव तिनेच ठेवलेलं. चाळीस मीटर उंच केबिनमध्ये बसतो, पायांखाली काच, दिवसभर मान खाली घालून दोन पायांच्या मधून बघतो. सोळा वर्षांत मान लांब झाली त्याची, म्हणायची. रस्त्यावरसुद्धा खाली बघत चालतो, लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या त्यालाच सापडतात. तो तिला ताई म्हणायचा. तिची बदललेली खूण त्याने एका दिवसात शिकून घेतली आणि कुठे बोलला नाही.

त्या माणसाने असं लिहून द्यावं!

११ मार्च, सोमवार

कामावर गेलो. सगळे हळू आवाजात बोलतात. मशिनीसुद्धा हळू चालवतात की काय असं वाटलं. मला हळू काही नको आहे.

संध्याकाळी मेहुणा आला. हा वकिलाकडे कारकून आहे, त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीवर अर्ज असतो. बहीण गेली तेव्हाही रडून झाल्यावर पहिला कागद त्यानेच मागितला. पण आज त्याने कामाची गोष्ट काढली.

"भावोजी, त्याची मान बघितलीत?"

जानेवारीत बगळा दहा दिवस आजारी रजेवर होता, मानेसाठी. मेहुण्याने यार्डातून काढलं हे. मानेमागचे स्नायू असे धरलेले की खाली बघता येत नव्हतं. आणि रजेवरून परत आला तो सरळ केबिनमध्ये! ज्याला मान खाली घालता येत नाही, तो चाळीस मीटर खालचा हात काय बघणार? खूण मिळालीच नाही. तो बघतच नव्हता. समोर बघत बसला असेल, अंदाजाने भार उतरवायचा दांडा ढकलला असेल.

हे कसं माझ्या डोक्यात आलं नाही?

अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. सदर इसमाने खोटं निवेदन दिलं आहे, त्याचा परवाना कायमचा रद्द करावा, आणि नेमकी कोणती खूण मिळाली ते त्याला समितीपुढे करून दाखवायला लावावं. हे शेवटचं माझं. मेहुणा म्हणाला, काय डोकं आहे भावोजी! न बघितलेली गोष्ट माणूस करून दाखवायला गेला की फसतो.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट जेवलो.

१२ मार्च, मंगळवार

अर्ज दिला. पोच मी मागितली.

१४ मार्च, गुरुवार

समितीपुढे माझी जबानी झाली. लांब टेबल, तीन माणसं. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, एका कानाने ऐकत नाहीत म्हणून सगळं दोनदा विचारतात. शेजारी सुरक्षा अधिकारी, समोर प्लॅस्टिकच्या वेष्टनातला खुणांचा तक्ता. तिसरा कामगारांचा प्रतिनिधी, हा जांभया देत होता.

वॉकीटॉकी का नव्हते, हे कोणी विचारलं नाही. दोन्ही संच महिनाभर बंद होते! मी विचारलं. अधिकारी म्हणाले, तो मुद्दा अहवालात येईल. कुठे येईल? तळटिपेत?

मग मला विचारलं — पत्नीची प्रकृती कशी होती? नजर, कान, हात, खांदे?

"ठणठणीत."

अध्यक्षांना ऐकू गेलं नाही. परत म्हणालो, "ठणठणीत होती."

दोनदा खोटं बोललो. पण का बोलू नको? खांद्याचं सांगितलं की झालंच — अपात्र असताना लपवून काम केलं, तिचीच चूक, फाइल बंद. तिच्यावर काही येऊ देणार नाही. एक अक्षरही नाही.

बगळा मागच्या बाकावर बसला होता. गळ्याला पट्टा! हनुवटीपासून छातीपर्यंत पांढरा. मला बघायला मान वळेना म्हणून अख्खा धडासकट वळला. मेहुण्याने मला कोपर मारलं. नाटक करायला आला असेल सहानुभूतीसाठी, पण आमच्याच पथ्यावर पडलं. सगळ्यांनी बघितलं, याची मान हलत नाही.

त्याच्या डोळ्यांकडे मी बघितलं नाही.

१७ मार्च, रविवार

मुलगी आली दोन दिवसांसाठी. आल्या आल्या आईचं कपाट उघडलं आणि बंद केलं. काखेत तुकडा घातलेला गणवेश मात्र बाहेर काढून ठेवला, म्हणाली हा मी नेते.

जेवताना अर्जाचं सांगितलं. मला वाटलं होतं खूश होईल.

"बाबा, बगळेकाका हॉस्पिटलच्या पायरीवर पाच तास बसले होते. आत यायची हिंमत नव्हती त्यांची. असा माणूस खोटं कशाला बोलेल?"

म्हटलं, भीतीने. परवाना जाईल, पोलिसांत जाईल. म्हणून.

"आणि खरं बोलत असतील तर?"

मी ताट सरकवून उठलो. माझ्याच घरात माझ्या बायकोच्या हातावर शंका! तिची मुलगी! बेसिनपाशी उभा राहिलो. राग आला की माझा आवाज चढत नाही, मनगट थरथरतं. कात्री धरायला बंदी असते मला अशा वेळी. तीच घालायची बंदी.

मुलगी मागून आली. हळूच विचारलं, "आदल्या दिवशी तुमचं काही वाजलं होतं का? आई फोनवर म्हणाली, बाबा आज चक्क ओरडले."

काही नाही, म्हटलं.

ते इथेही आत्ता लिहायला नको.

१९ मार्च, मंगळवार

तो कारखान्यात आला! दारात उभा. पट्टा तसाच. मी डॉक्टरांच्या कोटांचा थर लावलेला होता, आखणी झालेली, कापायला सुरुवात केलेली. सगळ्या मशिनी एकेक करून थांबल्या.

"मास्तर, एकदाच ऐकून घ्या. मी बघत होतो."

मी कापायचं मशीन चालूच ठेवलं.

"ताईंकडेच बघत होतो मी. दुसरीकडे कुठे बघणार?"

मशीन चालू. तो आणखी काही बोलला, ते आवाजात गेलं. मग गेला. मान वळवून मागे बघता येईना म्हणून दारातून बाहेर पडेपर्यंत माझ्याकडे पाठच होती त्याची.

थर उलगडला तेव्हा कळलं. चाळीसच्या चाळीस बाह्या डाव्या कापल्या. उजवी एकही नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी थर उचलून बाजूला ठेवला. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच्यामुळे झालं हे.

२० मार्च, बुधवार

एक महिना. अकरा वाजता घड्याळ वाजलं. ड्रॉवर लाथेने बंद केला. बंदच होता.

२५ मार्च, सोमवार

आज त्याला करून दाखवायला लावलं.

जसं झालं तसं लिहितो.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी आधी तक्ता उचलून सगळ्यांना दाखवला. भार खाली सोडण्याची खूण — सरळ ताठ उभं राहायचं, एक हात अंगापासून दूर, खाली, तर्जनी जमिनीकडे, मनगटातून लहान लहान गोल. त्यांनी उभं राहून स्वतः केली. मग म्हणाले, आता तुम्ही बघितलेली करा.

बगळ्याने परवानगी मागून पट्टा काढला. खाली मान लाल झालेली, घामोळ्या. खुर्चीमागे गेला. खुर्चीच्या पाठीवर डावा हात टेकवला आणि कमरेतून वाकला. वाकताना तोंडातून आवाज निघाला त्याच्या. उजवा हात सोडून दिला. लोंबू दिला. आणि गोल फिरवायला लागला.

मेहुणा माझ्या कानात म्हणाला, "फसला!"

अधिकारी हसलेच. "अशी वाकून? खूण देताना?"

"हो साहेब. डावा हात कठड्यावर होता ताईंचा."

"आणि तोंड कुठे?"

"जमिनीकडे."

"इतका मोठा गोल? मनगट तर हलतच नाहीये तुमचं."

"त्यांचंही हलत नव्हतं. सैल होता हात. मला वाटलं, सावकाश उतरव म्हणताहेत. उजव्या हाताने खालचीच खूण करायच्या त्या." इथे तो जरा अडखळला. "म्हणजे नेहमी. बऱ्याचदा."

भारा तेव्हा वर लटकत थांबलेला होता. दोघे खलाशी भाऱ्याखाली ठेवायचे आणखी ठोकळे आणायला गेले होते, जवळ कोणी नव्हतं. हे सगळं आधीच नोंदलेलं आहे. अध्यक्षांनी वेळ विचारली. अकरा नुकतेच वाजले होते, म्हणाला, केबिनमधल्या घड्याळात बघितलं होतं.

"मग?"

"मी उतरवायला लागलो. गोल चालूच होते. आठ असतील, दहा असतील. मग..."

"मग काय?"

"मग उलटे फिरायला लागले."

अधिकाऱ्यांनी तक्ता खाली ठेवला. उलट्या गोलाची खूणच नाही, म्हणाले. जगात कुठे नाही. कामगारांचा प्रतिनिधीसुद्धा जागा झाला.

"म्हणून तर गोंधळलो साहेब. असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. थांबवायला दांडा मागे घेतला, तोवर भारा खालच्या ठोकळ्याच्या कडेवर टेकला आणि कलला. पाइप सुटले."

तो अजून वाकलेलाच होता. सरळ व्हायला जमेना. प्रतिनिधीने उठून दंडाला धरून सरळ केलं.

अध्यक्षांनी विचारलं, "त्यांच्या हाताला काही दुखापत होती का? खांद्याला? अशी वाकण्याचं काही कारण?"

बगळा वळला, पायांपासून, सगळाच्या सगळा, आणि माझ्याकडे बघितलं त्याने. मी त्याच्याकडे बघितलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ताईंचा हात चांगला होता."

पुढची तारीख गुरुवार. निकाल लिहायला घेतील. मेहुणा बाहेर जिन्यावर माझा हात हातात घेऊन हलवत होता, भावोजी, त्याने स्वतःच स्वतःला बुडवलं, असली खूण कोणी ऐकलीये का? परवाना तर गेलाच, वर खटला.

मी हात सोडवून जिना उतरलो. मेहुण्याला वाटलं असेल, आनंदाने बोलवत नाहीये.

२६ मार्च, मंगळवार

कामावर गेलो नाही. नऊ, दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे ऐकले.

२७ मार्च, बुधवार

राग कोणाकोणाचा आला ते लिहितो.

बगळ्याचा. इतकं नीट का बघितलं? मान आखडलेली होती ना तुझी! दुसरीकडे बघितलं असतंस तर दांड्याला हात लागला नसता. आणि माझ्यासमोर तिचा हात चांगला होता म्हणायची काय गरज होती? स्वतः बुडत असताना? एक वाक्य बोलला असता — खांदा आखडला होता साहेब — तरी सुटायची वाट मिळाली असती. बोलला नाही. मी ठणठणीत म्हणालो होतो म्हणून बोलला नाही.

फिजिओचा. दर तासाला म्हणे!

यार्डाचा. दोन वॉकीटॉकी नीट ठेवता आले नाहीत. हा राग जाणार नाही आणि जाऊ देणारही नाही.

तिचा. कठड्यापाशी कशाला? वर भारा लटकत असताना? तेरा वर्षं काम केलेली बाई — पण भारा थांबवलेला होता. ती मूठ धरून थांबवून मगच वाकली असणार. तिच्या हिशेबी खूण संपली होती. त्यानंतरचा हात तिचा स्वतःचा होता.

आता ती संध्याकाळ.

सोमवार, १९ फेब्रुवारी. ओट्याला टेकून व्यायाम करत होती, मी मोजत होतो. सहाव्यालाच थांबली. म्हणाली, दुखतंय, राहू दे. मी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्या दिवशी पंधरावं-विसावं बोललो.

"कामावर आठ तास एकदाही करत नाहीस, मग बरं कसं होणार? हसतात तर हसू देत. खांदा त्यांचा आहे का? आयुष्यभर मीच वेणी घालत बसू?"

ओरडलो. आवाज चढवून. मला वेणी घालायला आवडायला लागलं होतं, हे काही बोललो नाही.

तिने मूठ धरली. पुरे. मी थांबलो नाही. आणखी बोललो.

सकाळी डबा भरून झाल्यावर तिने मनगट माझ्यापुढे केलं. गजर तिने बंद करून टाकलेला होता, कामावर वाजतो म्हणून. "लावा परत. आजपासून करते." मी लावला. नऊ ते पाच. दारात चप्पल घालताना म्हणाली,

"कोणी हसलं तर तुमचं नाव सांगेन."

हे शेवटचं.

२८ मार्च, गुरुवार

मला बोलावलेलं नव्हतं. गेलो. अध्यक्ष म्हणाले, तुमची जबानी झालेली आहे. म्हटलं, ती खोटी होती.

खुर्चीच्या पाठीला डावा हात टेकवला. वाकलो. उजवा सोडून दिला. दहा सरळ, दहा उलट. मोठ्याने मोजले, अध्यक्षांना ऐकू जातील असे.

ही कुठली खूण, त्यांनी विचारलं.

खूण नाही. व्यायाम आहे. मीच करायला लावला. माझं नाव लिहा.

मेहुणा खुर्ची सरकवून निघून गेला. मागच्या बाकावरून बगळ्याचा आवाज आला, जणू कोणाशीच न बोलल्यासारखा.

"तरीच उलटे फिरले."